बावीस वर्षांचे तीन मिलिमीटर

८ जुलै १९९६, सोमवार

कंपनीची बस आज परत वीस मिनिटं उशिरा. चामराजपेटेपासून आनेकल रस्त्यापर्यंत सव्वा तास, तीच खिडकी, तोच खड्डा, कमरेला तोच आचका. चोवीस वर्षं झाली. या काळात पंपांची मॉडेलं बदलली, मालकाच्या जागी मालकाचा मुलगा आला, माझी खिडकी तीच.

वर ड्रॉइंग ऑफिसात (पुढे ड्रॉ. ऑ. लिहीन, एवढं कोण लिहीत बसणार) चार मोठी खोकी आलीत. कॉम्प्युटर. त्यांच्यासाठी कोपऱ्यातली खोली काचेची केली, थंड हवेचं मशीन बसवलं, दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आम्ही आठ जण मात्र पंख्याखाली घाम पुसत बोर्डावर वाकलेले. ट्रेसिंगवर घामाचा थेंब पडून शाई पसरते, त्याचं आजवर कुणाला काही वाटलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आपल्याला काय करायचंय." लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकतेय. मागच्या जन्मीची काहीतरी शिक्षा असणार.

१२ जुलै

काचेच्या खोलीची मुख्य आली. केतकी. अठ्ठावीस वर्षांची, इंजिनिअर, पुण्याची. मी मराठी आहे कळल्यावर भलतीच खूश झाली. पाच मिनिटं बोललो आणि म्हणाली, "काकू, तुमचं मराठी किती क्यूट आहे, एकदम कानडी हेल." तीनशे वर्षं आमचं घराणं या मुलखात आहे, हेल लागेल नाहीतर काय होईल. आणि काकू म्हणे. शेहेचाळीस म्हणजे लगेच काकू.

जाता जाता म्हणाली, "शिकायचं असेल तर या हं, बेसिक मी दाखवीन." मी म्हटलं, बघू. आमच्यात 'बघू' म्हणजे नाही. पुण्यात काय म्हणतात कोण जाणे.

२४ जुलै

नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. पंचेचाळीस पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येईल, शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. मूर्तीसाहेब, आमचे चीफ ड्राफ्ट्समन, यांनी प्रत्येकाच्या बोर्डावर एकेक फॉर्म ठेवला. पंगतीत पानं मांडतात तसा. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "फोर्स काही नाही, वत्सला. स्वल्प विचार करा."

इतक्या वर्षांत साहेबांनी मला काढा, खोडा, परत काढा एवढंच सांगितलं. विचार करा असं आज पहिल्यांदा.

फॉर्म पर्समध्ये घातला. बसमध्ये दोनदा काढून वाचला. कारण लिहायला एकच ओळ आहे.

४ ऑगस्ट, रविवार

अक्काकडे जेवायला. माझी सख्खी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि माझ्या आयुष्याची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. फॉर्मचं ऐकून म्हणाली, "मग घे की. सकाळी देऊळ, दुपारी आमचं भजनी मंडळ, दिवस कसा जातो कळत नाही. तुझा श्रीधर इंजिनिअरिंगला दावणगेरीला गेला, घर बांधून झालं, आता तुझं काय राहिलंय?"

टोमणा नव्हता. मनापासून विचारत होती. मी परत हुळी-भात, म्हणजे आमचा सांबार-भात, वाढून घेतला.

घरी येताना मात्र राग राग झाला. काय राहिलंय म्हणजे? नोकरीची बारा वर्षं राहिलीत. पण मग मलाच वाटलं, त्या बारा वर्षांत तू काय करणार आहेस बाई? गेल्या बारांत काय केलं? मागचा रविवार आणि दहा वर्षांपूर्वीचा रविवार शेजारी ठेवले तर ओळखता यायचे नाहीत. राग अक्कावर काढला, इडलीचं पीठ वाटताना.

२० ऑगस्ट

बोर्डावर काम नाही. नवे पंप सगळे काचेच्या खोलीत जातात. आम्हाला जुन्या ट्रेसिंगांची यादी करायला बसवलंय, म्हणजे ते नकाशे केतकी कॉम्प्युटरात चढवणार. कपाट उपसताना ४१७ नंबर सापडला. पंपाचं झाकण. १९७४. मी एकटीने पहिल्यांदा केलेलं काम. अक्षरं बघून माझाच ऊर भरून आला, एकेक आकडा कोरल्यासारखा.

केतकीला नेऊन दाखवलं. "काकू, हे हाताने लिहिलंय? छापल्यासारखं आहे." दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी स्वतःचीच चीड आली. शाबासकीची इतकी भूक लागावी, पहिलीतल्या पोरीसारखी?

६ सप्टेंबर

गेले एकदाची. चपला काढल्या, आत जाऊन बसले. केतकीने माऊस हातात दिला. मी हलवला तर पडद्यावरचा बाण कुठे गेला ते मला तर नाहीच, तिलाही सापडेना. टेबलाची कड आली आणि बाण अजून अर्ध्यावर. "उचलून परत ठेवा काकू." उचलला तर तो हलेना. टी-स्क्वेअर घेऊन मी डोळे मिटून काटकोन काढते, आणि इथे एक रेघ सरळ येईना. पलीकडे दोन पोरं तोंड वळवून हसत होती.

दहा मिनिटांत उठले. म्हटलं, डोळे दुखतात. बाहेर माझी एक चप्पल कुणीतरी लाथेने जिन्यापर्यंत नेलेली.

हे म्हणाले, "या वयात कशाला डोक्याला ताप." ह्यांना क्रॉसवर्ड सुटलं की दिवस सार्थकी लागतो. सुखी माणूस आहे. कधी कधी तेच सहन होत नाही.

२३ सप्टेंबर

ड्रॉ. ऑ.त आज तमाशा. कॉम्प्युटरवरून छापलेल्या नकाशावर पहिल्यांदाच बाहेरच्या एका कारखान्यातून माल करून आणला. माझ्याच ४१७ची झाकणं, साठ. पंपांना लावून पाण्यावर घेतले तर साठच्या साठ गळतात. झाकणाचा जो ओठ आत जाऊन वायसरला दाबतो तो आखूड. जास्त असता तर घासून कमी केला असता. आखूड झाला म्हणजे माल भंगारात.

साहेबांनी केतकीला सगळ्यांसमोर झापलं. बावीस वर्षं जे झाकण बिनतक्रार बसतंय ते तुमच्या कॉम्प्युटरला बसवता येत नाही? तिला मेमो. ती बिचारी ओठ चावत उभी.

बिचारी हे आता लिहितेय. तेव्हा मला आनंद झाला. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू. दुपारी एकीऐवजी दोन कॉफ्या प्यायले.

२४ सप्टेंबर

मोठ्या तोऱ्यात माझं ट्रेसिंग काढलं. म्हटलं, बरोबर नकाशा कसा असतो ते साहेबांना दाखवावं. तिच्या छापील कागदावर ओठ १५. माझ्या ट्रेसिंगवर बघितलं.

१५.

तिने माझंच जसंच्या तसं उतरवलंय. ट्रेसिंग गुंडाळून परत कपाटात ठेवलं. डबा उघडला नाही.

२५ सप्टेंबर

काल डोळ्याला डोळा नाही. १५ बरोबर असेल तर परवा पंप गळायला नको होते, चूक असेल तर बावीस वर्षं गळायला हवे होते. आज जेवणाच्या सुट्टीत जिना उतरून खाली मशीन शॉपमध्ये गेले. आमच्यात कुणी खाली जात नाही. नकाशा वरून शिपायाबरोबर जातो, शंका आली तर चिठ्ठी वर येते. कारखाना सुरू झाल्यापासूनची रीत. मी चप्पल घालून तेलातून घसरत चाललेली, सगळे लेथ सोडून बघतायत.

नंजप्पा आमचा सगळ्यात जुना लेथवाला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याला विचारलं, ४१७चा ओठ तुम्ही किती धरता? त्याने हत्यारांचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने आकडेच आकडे. ४१७ समोर १५ खोडून १८.

मी उभ्या उभ्या समजले. चौऱ्याहत्तर साली वायसर जाड होता तो तीन मिलिमीटरने पातळ करायचं ठरलं. वायसरचा नकाशा मी बदलला. झाकणाचा ओठ तेवढाच वाढवायचा, तो विसरले.

"सांगितलं का नाही?"

"सांगायला वर आलो होतो अम्मा. तेव्हा आम्हाला दाराबाहेरच थांबवायचे. तुमचं लग्न ठरलेलं, तुम्ही मैसूरपाक वाटत होता. मला पण दिला. त्या वर्षी दोघांना चुकीवरून घरी बसवलं होतं. तोंडात मैसूरपाक, आणि चूक कशी सांगणार? म्हटलं, तीन मिलिमीटर तर आहे. आपण खाली धरून घेऊ."

"आणि नंतर? बावीस वर्षं?"

"नंतर सवय झाली. बिडि अम्मा, सोडून द्या."

२७ सप्टेंबर

सोडून कसं द्यायचं. ज्या अक्षरांवर ऊर भरून येत होता, ती चुकीची अक्षरं. माझी नोकरी खालच्या माणसाच्या दयेवर चालली आणि मी वर बसून नव्या लोकांना नावं ठेवत होते. नंजप्पाचा राग येतो. त्याने चांगुलपणा केला म्हणून राग येतो, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

ह्यांना सांगितलं. हातातला पेपर बाजूला ठेवला, म्हणजे काही कमी नाही. "कुणाला कळलंय?" म्हटलं, नंजप्पाला आणि मला. "मग झालं तर." मी म्हटलं, त्या मुलीला मेमो मिळालाय. ह्यांनी पेपरची घडी घातली. नंतर म्हणाले, "फॉर्म भर आणि मोकळी हो, वत्सला." ह्यांनी नावाने हाक मारली की समजावं, ह्यांनाही घाबरायला झालंय.

३० सप्टेंबर

साहेबांना सांगितलं. सगळं. त्यांनी दार लावून घेतलं.

"फॉर्म भरा," म्हणाले. "ऑक्टोबरअखेर हार, शाल, फोटो. केतकीचा मेमो मी मागे घेतो, कॉम्प्युटरात बिघाड होता असं लिहितो. तुमचं नाव कुठे येत नाही."

"आणि नाही भरला तर?"

"तर मला तुमच्यावर लिहावं लागेल."

माणूस माझ्या भल्याचंच सांगत होता. तरी कानशील तापलं. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती (स्वे. नि.) घेतली तर अशी जायची, की चोवीस वर्षांत मी काही चांगलंही केलं नाही आणि वाईटही केलं नाही. फोटोत हसत उभी. मी म्हटलं, कागद द्या. चूक माझी, केतकीची नाही, एवढं लिहून सही केली. फॉर्मचं बघू म्हटलं. हे 'बघू' नक्की कुठलं ते मला अजून कळलेलं नाही.

३ ऑक्टोबर

केतकीचा मेमो मागे घेतला. मला वाटलं ती गळ्यात पडेल. माझ्या बोर्डाशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही चोवीस तारखेला ट्रेसिंग काढून बघितलंत, तेव्हाच कळलं होतं ना? मी आईला फोन करून रडत होते त्या आठवड्यात." मी म्हटलं हो. ती गेली.

बरोबर होतं तिचं. उलट बोलता आलं नाही याचाच त्रास जास्त.

८ ऑक्टोबर

त्या कपाटाचं दार डोक्यातून जात नाही. ४१७ एकटा नव्हता तिथे. दार भरून आकडे होते. म्हणजे ड्रॉ. ऑ.तल्या सगळ्यांच्या चुका खालच्यांनी बावीस-पंचवीस वर्षं पोटात घातल्या. आणि नंजप्पाने स्वे. नि.चा फॉर्म भरलाय. एकतीसला तो जाणार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते कपाट रंगवून टाकेल आणि कॉम्प्युटर साठ-साठच्या हिशेबाने भंगार काढेल.

साहेबांना म्हटलं, मला रोज दोन तास खाली बसू द्या, एकेक नकाशा नंजप्पाशी ताडून बघते, मग केतकी चढवेल. साहेब म्हणाले, "ड्रॉइंग ऑफिस शॉपला विचारणार? कुणी ऐकलंय का असं?" मग म्हणाले, "वत्सला, तुम्ही दमलाय."

दमले नाही हो. किती वर्षांनी दमले नाहीये. हे साहेबांना कुणी सांगावं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पुढे सुट्ट्या म्हणून कारखान्यात आजच आयुधपूजा. वर्षातून हा एक दिवस वरचे लोक खाली जातात. दरवर्षी मी प्रसादाची पुडी घेऊन पाच मिनिटांत परत येते. आज वही घेऊन गेले. लेथना झेंडू, दाराशी कुंकू लावून फोडलेले कोहळे. नंजप्पाच्या कपाटालाही हार. हार बाजूला करून आकडे उतरवून घेतले. एक्केचाळीस. सगळे आले, बघत उभे राहिले. एकाने स्टूल आणून दिलं. एकजण म्हणाला, माझ्या कपाटातही आहेत, सात-आठ.

२५ ऑक्टोबर

रोज जेवणाच्या सुट्टीत खाली जाते. सुट्टी माझी, तिच्यात मी कुठे बसावं हे साहेब सांगू शकत नाहीत. एक्केचाळीसपैकी बत्तीस समजले. उरलेले नऊ नंजप्पाला सांगताच येत नाहीत. "किती धरायचं ते हाताला कळतं अम्मा, तोंडाने नाही येत." मी चिडले, म्हटलं असं कसं, आकडा सांगा. तोही चिडला. मग लेथ चालू करून दाखवत होता तोवर भोंगा झाला.

काल केतकी आली. बाजूला उभी राहिली. आज वही मागून घेतली आणि दुपारपर्यंत पाच नकाशे चढवून छापून आणले. त्यातल्या एकात माझीच दुसरी चूक निघाली, ऐंशी सालची. हसली. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

अक्का विचारतेय, मंडळाच्या यादीत नाव घालू का. म्हटलं, आता नको. "आता नाहीतर कधी?" बोलण्यात हिच्यापुढे हात टेकले.

३१ ऑक्टोबर

शेवटचा दिवस. फॉर्म पर्समध्ये, भरलेला, सही राहिलेली. पाचपर्यंत द्यायचा होता. साडेचारला सही करायला पेन उघडलं, हे इथे कबूल करते. साहेब समोरून दोनदा गेले. पेन बंद केलं. पाच वाजले. ताठ बसून राहिले.

सव्वापाचला शिपाई नवी नोटीस लावून गेला. मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत वाढवली आहे.

म्हणजे एवढा जीव एकवटून जे ठरवलं ते ठरलंच नाही. पुन्हा पंधरा दिवस तोच फॉर्म, तीच पर्स. बसमध्ये मी एकटीच हसत होते, शेजारणीने सीट बदलली.

नोटीस लागायच्या आधी, पाच वाजून गेल्या गेल्याच, साहेबांनी पाकीट हातात ठेवलं होतं. मेमो. १९७४ची चूक का व कशी झाली याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. देताना माझ्याकडे बघितलं नाही.

नंजप्पाला हार, शाल, फोटो. फोटोत तो हसलाच नाही. गेटपाशी म्हणाला, "उरलेल्या नऊसाठी आनेकलला या. भावाच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे. रविवारी उघडं असतं." सरी म्हटलं, म्हणजे बरं. बसने येईन म्हटलं.

१ नोव्हेंबर

राज्योत्सवाची, राज्याच्या स्थापनेची सुट्टी. कोपऱ्यावर लाल-पिवळा झेंडा, सकाळपासून माईक. ह्यांनी न सांगता कॉफी करून आणून दिली आणि शेजारी बसून राहिले. ह्यांच्या क्रॉसवर्डला आज हात लागलेला नाही. "येऊ का रविवारी आनेकलला?" असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय तिथे. म्हणाले, "बसून राहीन."

खुलासा लिहायला घेतलाय. वायसर बदलला, ओठ विसरले. दोन ओळींत चूक संपली, सही करून पाकिटात घालता येईल. पण पेन खाली ठेवत नाहीये. माझ्या बोर्डापासून शॉप सोळा पायऱ्या खाली. पूजेचा दिवस सोडला तर या सप्टेंबरपर्यंत चोवीस वर्षांत मी त्या उतरले नव्हते, त्या का उतरले नाही हे मेमोत विचारलेलं नाही. साहेबांनी नाही, अक्काने नाही, ह्यांनीही नाही. कोणी विचारलं असतं तर मी काय लिहिलं असतं, ते सकाळपासून तीनदा लिहून खोडलंय.